सगळ्या बराबर

"आज कोणी कोणाकडं बघायचं न्हाई," चांगुणाबाईनं गेटाच्या अलीकडेच बायांना थांबवून सांगितलं. "आपापली ओळ धरायची, संपली की हात वर करायचा. मागं वळायचं न्हाई."

दहाजणींनी माना डोलावल्या. डिसेंबरातली सकाळ होती, सातही वाजले नव्हते, आणि माळावरून येणारा वारा अंगाला झोंबत होता. समोर तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाआड गायरान. म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत गायरान होतं. आता तिथे टेकडीच्या पोटापासून पार ओढ्यापर्यंत सौर पाट्यांच्या काळ्यानिळ्या रांगा उभ्या होत्या, आणि गेटावर 'स्वच्छ ऊर्जा, समृद्ध गाव' असा भलामोठा फलक होता. गाव समृद्ध झाल्याची बातमी गावाला मात्र अजून कोणी दिलेली नव्हती. सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा महिनाभर उडून त्या पाट्यांवर बसला होता, आणि तो धुवायला माणसं पाहिजे होती.

किती माणसं, ते आदल्या दिवशी कळलं होतं. कंत्राटदाराचा माणूस शिवशंकर वस्तीत येऊन सांगून गेला, की वरून सहाच बाया मंजूर आहेत. हे सहा कुठून आले, असं चांगुणानं विचारलं. दोन वर्षांपूर्वी तर सगळ्यांना म्हणाले होते. शिवशंकर लातूरकडचा, पोरगेला, बोलायला वाईट नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी इथं नव्हतो, मावशी, एवढंच तो म्हणाला. या असल्या कामांत हे नेहमीचंच असतं. शब्द देणारा बदलून गेलेला असतो आणि शब्द नाकारणारा कालच रुजू झालेला असतो. त्यानं तोडगा काढला तो असा, की अकराजणींनी एकेक ओळ धुवायची. ज्या सहाजणी आधी संपवतील त्या कामावर.

चांगुणाबाई खिल्लारे ही काही गावची पुढारीण नव्हती. शिरड शहापूरच्या बाजूच्या त्या लहानशा गावात तिला मान होता तो एवढ्यासाठी, की तिची टोळी शेतात उतरली की मालकाला बांधावर उभं राहावं लागत नसे. तीस वर्षं ती बायांची टोळी चालवत होती. खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, हळदीची काढणी. गुत्तं ठरवायची ती, बाया गोळा करायची ती आणि मालकाशी भांडायचीही तीच. गुत्तं म्हणजे अख्ख्या शेताचं काम एकदम अंगावर घ्यायचं. त्यात कोणाचा हात जास्त चालला आणि कोणाचा कमी, हे मालक विचारत नाही आणि चांगुणाच्या टोळीतही कोणी विचारत नसे. वाटा सगळ्यांचा सारखा.

टोळीची एक रीत होती. खुरपायला बसलं की प्रत्येकीला एक पात, म्हणजे दोन-तीन ओळींचा पट्टा. जिची पात आधी संपेल तिनं बांधावर बसून तंबाखू मळायची नाही. मागे राहिलेल्या बाईच्या पातीला पलीकडच्या टोकानं लागायचं आणि मधे तिला गाठायचं. शेवटचीची पात संपेपर्यंत 'माझी झाली' असं तोंडातून काढायचं नाही. ही रीत चांगुणाला धुरपताबाईनं शिकवली. शिकवली म्हणजे सांगितली नव्हती. लग्न होऊन आलेली सोळा वर्षांची चांगुणा रोज मागे पडायची आणि समोरून खुरपत खुरपत धुरपताबाई तिच्यापर्यंत यायची, हीच शिकवण. आता धुरपताबाई सत्तरीला टेकली होती, उजवा गुडघा कायमचा सुजलेला, आणि समोरून जायची पाळी चांगुणाची होती. ती जात होती.

अलीकडे तणनाशकांनी खुरपणीचं निम्मं काम खाल्लंच होतं. म्हणून तर दोन वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेत ती भुलली.

त्या ग्रामसभेला एक साहेब गाडीतून आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. कोळशाचा धूर, भेगाळलेली जमीन, मग पाट्यांखाली हसणाऱ्या बाया. येत्या काळात लाखो हरित रोजगार तयार होणार आहेत, असं ते म्हणाले. हरित रोजगार म्हणजे नेमकं काय करायचं असतं ते कोणी विचारलं नाही. सरपंच माणिकरावांनी मग सोपं करून सांगितलं, की शेतीला दिवसा लाईट येईल, पोरांना नोकऱ्या लागतील, बायांना बारमाही काम मिळेल. माणिकरावांची चाळीस एकर हळद होती आणि त्यांना दिवसा लाईट पाहिजेच होती. गायरानात त्यांचं ढेकूळही नव्हतं, त्यामुळे पृथ्वीची काळजी त्यांना अगदी मोकळ्या मनानं करता येत होती.

गायरानात ज्यांचं होतं ती बौद्ध वस्तीतली सात घरं. चांगुणाचा नवरा जळबा, त्याच्या बापानं तिथले दगड वेचून ज्वारी काढली होती. पन्नास वर्षं पेरलं, पण सातबाऱ्यावर नाव लागलं नाही. अतिक्रमणाचा दंड मात्र व्हायचा, आणि दंडाच्या त्या पावत्या घरोघर पेटीत जपून ठेवलेल्या, कारण ही जमीन आपण कसतो याचा तेवढा एकच पुरावा. जळबा गेल्यावर त्या पेटीची किल्ली चांगुणानं आपल्या कमरेला लावली होती.

ग्रामसभेत ती उठून उभी राहिली. "आमच्या टोळीला काम भेटल का? सगळ्यांना?"

"सगळ्यांना," माणिकराव साहेबांकडे बघत म्हणाले, आणि साहेबांनी मान हलवली.

ती हललेली मान चांगुणानं पाहिली आणि शब्द समजून घरी घेऊन आली. मग घरोघर तीच फिरली. कोर्टात जाऊ म्हणणारे होते, शिला तर हट्टालाच पेटली होती. शिलाचा नवरा ऊसतोडीला गेला की सहा महिने येत नसे; घर गायरानातल्या तुकड्यावर आणि तिच्या मजुरीवर चाले. चांगुणानं तिला गळ घातली. कोर्टात आपले केस पांढरे होतील, म्हणाली, त्यापेक्षा बारा महिन्यांचं काम दारात येऊन राहिलं ते बघ. गायरान प्रकल्पाला द्यायच्या ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा शिलाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, तोही चांगुणानं कोपरानं ढोसल्यावर.

पोरांच्या नोकऱ्यांचं काय झालं तेही सांगून टाकायला हवं. चांगुणाचा मुलगा रविंद्र हिंगोलीला जाऊन तीन महिन्यांचं सौर प्रशिक्षण घेऊन आला. हातात प्रमाणपत्र, गळ्यातल्या पट्ट्याला ओळखपत्र लटकलेला फोटो. पाट्या बसवायला मात्र बाहेरून टोळ्या आल्या, सहा महिन्यांत काम उरकून निघून गेल्या. रविंद्रला खड्डे खणायचं काम मिळालं, तेही पावसाळ्यापर्यंत. पुढे तो पुण्याला एका गोदामात गेला. त्याची बायको करुणा लेकराला घेऊन गावातच राहिली ती या धुण्याच्या कामाच्या आशेनं. इथे काम लागलं तर रविंद्रला परत बोलावता येईल, असा तिचा हिशेब होता. पुण्यातल्या एका खोलीत चार पोरांबरोबर राहणाऱ्या नवऱ्याकडे जाऊन ती करणार काय?

तर असं सगळं त्या सकाळवर येऊन बसलं होतं. म्हणूनच चांगुणानं गेटापाशी बायांना ताकीद दिली होती. सहाजणींना तरी काम लागू दे, बाकीच्या पाचजणींसाठी मग भांडता येईल, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

दर ओळीला एक नळ, एक पाइप, लांब दांड्याचा ब्रश आणि पाणी निपटायचं रबर. शिवशंकरनं एकदा करून दाखवलं आणि तो कंटेनरमधल्या ऑफिसात फोनवर बोलायला गेला. रखवालदार ओळींच्या टोकाला खुर्ची टाकून बसला. हात वर झाला की नंबर लिहायचा, एवढं त्याचं काम. नीता, टोळीतली सगळ्यात चपळ, पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्या मागे राणी, मग चांगुणा, मग शिला. करुणाही नेटानं लागली होती. गार पाण्यानं बोटं बधिर झाली, चिखलात पाय घसरायला लागले, पण कोणी बोलत नव्हतं. एरवी या बाया कामाला लागल्या की गाणी नाहीतर चहाड्या, काहीतरी चालूच असायचं.

चांगुणाची ओळ संपली तेव्हा नीता आणि राणीही आपापली शेवटची पाटी निपटत होत्या. तिनं रबर खाली ठेवलं, कमरेला हात लावून पाठ सरळ केली आणि सवयीनं मागे नजर टाकली.

धुरपताबाई निम्म्यावरही पोचली नव्हती. दांडा दोन्ही हातांनी वर ढकलायची, मग गुडघा धरून थांबायची. पाण्याचा पाइप तिच्या पायात अडकला होता आणि तो सोडवायला तिला वाकता येत नव्हतं.

पुढे जे झालं ते चांगुणानं ठरवून केलं नाही. पाय आपोआप वळले. धुरपताबाईच्या ओळीच्या या टोकाला ती कधी आली, पाइप कधी उचलला, तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. चार पाट्या धुऊन झाल्यावर आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता. कारण नीतानं वर करायला उचललेला हात चांगुणाला पाहून खाली घेतला होता, आणि ती मागे पडलेल्या दुसऱ्या बाईच्या ओळीला लागली होती. तिच्या पाठोपाठ राणी. मग शिला. तीस वर्षांची सवय अंगातून एका सकाळच्या ताकिदीनं जाते होय? रखवालदार बघत राहिला. कोणाचा हात वर होईना, म्हणून त्यानं काही लिहिलं नाही.

शिवशंकर बाहेर आला तेव्हा अकराही ओळी लखलखत होत्या आणि अकराही बाया टोकाला एका रांगेत उभ्या होत्या.

"पहिली कोण?" त्यानं रखवालदाराला विचारलं. रखवालदारानं कोरा कागद दाखवला. मग त्यानं बायांना विचारलं. नीतानं चांगुणाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सगळ्या बराबर झाल्या," चांगुणा म्हणाली.

शिवशंकर तापला. अकरा वाजेपर्यंत त्याला सहा नावं आणि फोटो वर पाठवायचे होते. तुम्हाला काम पाहिजे की नाही, असं तो ओरडला. मग त्यानं मोबाईल काढून चांगुणाच्या डोळ्यांपुढे धरला. ट्रॅक्टरला लावलेला एक लांबच लांब फिरता ब्रश, एक ड्रायव्हर, आणि बघता बघता धुतली जाणारी पाट्यांची रांग. हे यंत्र कंत्राटदाराकडं आहे, तो म्हणाला, दुसऱ्या साइटवर चालू आहे. मीच म्हटलं की गावातल्या बाया घेऊ. तुम्ही असं केलं तर उद्या ते इथं येईल आणि मग सहाही नाहीत.

नंतर आवाज उतरवून तो म्हणाला, "मावशी, टोळी तुमची आहे. तुम्हाला माहीत आहे कोण कसं काम करतं. अकरातली पाच नावं काढून टाका, विषय संपवू."

दहाजणी चांगुणाकडे बघत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या नजरांची भीती वाटली. माणिकराव नव्हते, साहेब नव्हते, पडद्यावरची चित्रं दाखवणारं कोणी नव्हतं. या सगळ्यांनी मिळून जे करून ठेवलं होतं ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं जात होतं. तिला चीड आली. त्या पोराच्या हातातला मोबाईल दगडावर आपटावासा वाटला. पण आपटला असता तर सहाजणींचं कामही त्याच्याबरोबर फुटलं असतं.

"माझं काढा," ती म्हणाली.

शिवशंकरला ते नको होतं. तुम्हाला तर मुकादम करणार होतो, म्हणाला. चांगुणानं मान हलवली. पाचजणींना आपणच बाहेर ठेवायचं आणि उरलेल्यांवर आत मुकादमी करायची, हे तिच्यानं होणार नव्हतं.

"दुसरं करुणाचं."

करुणानं झटकन वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. तिनं फक्त हातातलं रबर दुसऱ्या हातात घेतलं. आपल्या घरचं नाव ठेवून दुसऱ्याचं काढता येत नाही, एवढा साधा तो न्याय होता. पण न्यायाची किंमत करुणानं का द्यावी?

तिसरं धुरपताबाईचं. ते घेताना चांगुणानं तिच्याकडे पाहिलं नाही. चौथं राणीच्या सासूचं, कारण त्याच घरातल्या राणीला काम लागत होतं. पाचव्याला ती थांबली. उरलेल्या सातही धडधाकट होत्या, सातहीजणींच्या घरी चूल तितकीच रिकामी होती. एक नाव काढायलाच हवं होतं आणि त्याला काहीही कारण नव्हतं.

"शिलाचं," ती म्हणाली.

"माझं काहून?" शिलानं लगेच विचारलं. ती ओरडली नाही. "आक्का, मी कोणाच्या मागं राहिले का? पाट्या कमी धुतल्या का? माझं काहून?"

चांगुणानं पायाशी पडलेला पाइप उचलून गुंडाळायला घेतला.

"ठरावाला हात वर करायच्या टायमाला माझं नाव बराबर ध्यानात व्हतं तुमच्या. मी न्हाई म्हणत व्हते. तुमी कोपर मारलं तवा केला म्या हात वर."

शिवशंकरनं नावं लिहून घेतली. सहाजणींना कुंपणाशी उभं करून फोटो काढला. नीता रडत होती म्हणून तो दोनदा काढावा लागला.

पाचजणी परत निघाल्या. शिला पुढे निघून गेली, राणीची सासू तिच्यामागे. करुणा लेकरू शेजारणीकडे ठेवून आलेली, ती घाईघाईनं गेली. धुरपताबाई थोडा वेळ चांगुणाबरोबर चालली. तिनं एकदाही तक्रार केली नाही. माझा गुडघा तसाबी कामाचा राह्यला न्हाई, असं काहीतरी ती बोलत राहिली, आणि ते ऐकणं शिलाच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. वस्तीच्या वळणावर ती म्हणाली, मी बसते जरा, तू हो पुढं. चांगुणा पुढे गेली.

आठ दिवसांनी करुणानं पिशव्या भरल्या. भांडण झालं नाही. पुण्याला यांच्या गोदामाजवळ बायांना पॅकिंगचं काम असतं, ती म्हणाली, बघते. लेकराला आजीच्या पाया पडायला लावलं. औंढ्याच्या बसमध्ये बसताना तिनं एवढंच म्हटलं, "आत्या, तुमी चूक केली असं मी म्हणत न्हाई. पण मला एकदा इचारायचं तरी."

टोळी मोडली ती कोणी न मोडता मोडली. सहाजणी सकाळी सातला गेटात जायच्या. शिला औंढ्याच्या बाजूला वीटभट्टीवर जायला लागली. वाटेत दिसली तर मान फिरवायची. पाचजणींसाठी भांडायला चांगुणा दोनदा माणिकरावांकडे गेली. पहिल्यांदा ते जेवत होते, दुसऱ्यांदा हिंगोलीला गेले होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मात्र गावात किती रोजगार निर्माण झाले त्याचा एक नवा रंगीत तक्ता लागला. त्यात खड्डे खणलेला रविंद्रही मोजलेला होता.

जानेवारी उजाडला. घरात बसून चालणार नव्हतं. एक दिवस चांगुणानं खुरपं पिशवीत टाकलं आणि पहाट फुटताना फाट्यावर जाऊन उभी राहिली. तिथे जवळा बाजारकडे मजूर नेणारे टेम्पो थांबतात. पहिल्या टेम्पोत जागा नव्हती. दुसऱ्यात परक्या गावच्या वीसेक बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या, त्यांनी सरकून तिला घेतलं. कोणी ओळखीचं नव्हतं. बाया आपसात हसत होत्या.

शेत हरभऱ्याचं होतं. टोळीची मुकादमीण पंचविशीची पोरगी, साधना नावाची, डोक्याला रुमाल, कानात फोनची वायर. तिनं भराभर बाया पातींवर बसवल्या आणि शेवटी चांगुणापाशी आली. बाई म्हातारी दिसते, कामाची आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं.

"नाव काय, मावशी?"

"चांगुणा."

"पूर्वी गेलात का कोणाच्या टोळीत?"

चांगुणानं थोडा विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "गेले."

"खुरपता येतं ना नीट? हरभरा तुटला तर मालक मला बोलतो."

"येतं."

साधनाला तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती स्वतः खाली बसली, चांगुणाच्या हातातून खुरपं घेतलं, आणि मुळाला धक्का न लावता तण कसं काढायचं ते चार वेळा करून दाखवलं. चांगुणा तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि नीट लक्ष देऊन बघत राहिली.